मोरीपर्यंत

आम्ही सगळे हाडाबद्दल बोलत होतो:
खुबा, खिळा, खर्च, वय वर्षं सत्त्याऐंशी.
डॉक्टर तोमर वाकले, आत्याच्या बऱ्या कानाशी.
"माताजी, ठीक होकर क्या करना है?"

"रात्री मोरीपर्यंत जायचं.
कुणाला न उठवता."

केसपेपरवर तेच लिहिलं, वरच्या ओळीत.
मग झोपेची गोळी खोडली.
कवळी, चष्मा, कानातलं यंत्र
हरवेल म्हणून आम्ही घरी नेलेलं;
लष्करातून परत मागवलं, त्याच संध्याकाळी.

तरी तिसऱ्या रात्री भरकटलीच ती.
सलाइन ओढत हाका मारत राहिली
माझ्या गेलेल्या बापाला:
अण्णा, गाय सुटलीय!
मी दोरी शोधायला लागलो, तिच्या हातांसाठी.
सिस्टर कुशवाहनं दिवा लावला,
यंत्र कानात बसवलं,
मोडक्या मराठीत म्हणाली,
"गाय बांदली, आत्या. पाणी पी."

सकाळी वॉकर. सहा पावलं. दुसऱ्या दिवशी अकरा,
आणि फिजिओवाल्या पोराला अस्सल शिव्या.

काल रात्री, ग्वाल्हेरच्या पौषातल्या थंडीत,
जाग आली मला.
टक. थांबली. टक.
मी उठलो नाही.
पांघरुणात मुठी आवळून पडून राहिलो
मोरीतला नळ वाजेपर्यंत.