शीळ

मालुंगच्या बाहेर, शेवटच्या बर्चनंतर,
सिक्सटनमामाचं गॅरेज.
उणे बावीस. कुलूप उघडायचं तर
आधी किल्लीला मुठीत धरून ऊब द्यावी लागते.

आत माझी व्होल्वो, एकोणनव्वदची,
चौकोनी, कधी कुणाशी खोटं न बोललेली.
बॉनेट उघडं. बाकावर जुनं वर्तमानपत्र अंथरून
दोन उमेदवार.

टर्बो मी आणला, वान्सब्रूच्या भंगारातून, आठशे क्रोनरला.
गोगलगाईसारखा वळलेला, गंजलेला,
मुठीपेक्षा थोडा मोठा.
सुपरचार्जर मामाचा.
त्याच्या तरुणपणच्या पाँटियाकमधून काढलेला,
चौतीस वर्षं तेलकट घोंगडीत झोपलेला.
पाँटियाक विकली तेव्हा हा ठेवून घेतला.
का, ते कुणी विचारलं नाही.

टर्बो म्हणजे कोंड्याचा मांडा.
जो धूर नाहीतरी मागच्या नळीतून
आपण बर्फावर सोडून देतो
त्याच्यावरच चाक फिरवायचं, मिनिटाला लाखभर फेरे,
आणि इंजिनाच्या छातीत जास्तीची हवा भरायची.
पण उधारी.
पाय दाबला की म्हणतो, आलोच.
येतो तेव्हा वळण संपलेलं असतं.

सुपरचार्जरकडे सगळं रोख.
पट्टा थेट क्रँकला.
कपडे पिळायच्या रुळांसारखे दोन रोटर
एकमेकांना न शिवता फिरतात.
आधी इंजिनाच्याच ताटातला घास उचलतो,
मग वाढतो. पण वाढतो तो तिथल्या तिथे,
पाय टेकायच्या आत.

मी वहीत रकाने आखले.
पेट्रोल, खर्च, उष्णता, बसवायला लागणारे शनिवार.
टर्बो प्रत्येक रकान्यात पुढे.
इथे टर्बो म्हणजे शहाणपण, शाळेच्या दुधासारखं.
सुपरचार्जर म्हणजे
शनिवारी रात्री चौकाला फेऱ्या मारणाऱ्या मामासारख्यांची
अमेरिकन थेरं, असं आई म्हणायची.

मामाने वरच्या ओठाखाली तंबाखूची पुडी सरकवली.
"गाडी तुझी. तू ठरव."
आणि तो उगाचच नट मोजत बसला,
एका डब्यातून दुसऱ्या डब्यात.

दहाचा पाना घ्यायला कपाट उघडलं.
दाराच्या आतल्या बाजूला, चुंबकाखाली,
त्याच्या कानांचा आलेख.
डावीकडे रेघ सरळ, मग उजवीकडे
एकदम खाली, स्कीच्या उतारासारखी.
तारीख ऑक्टोबरची.
कुणालाच सांगितलं नव्हतं त्याने.
मला वाटत होतं, म्हातारा हट्टाने उत्तर देत नाही.

वहीच्या मागच्या पानावर मी नवा हिशेब मांडला.
पात्यांची संख्या, फेरे, भागिले साठ.
टर्बोची शीळ: दहा हजार हर्ट्झ.
त्या उताराच्या कितीतरी खाली,
जिथे मामासाठी फक्त बर्फ आहे.
सुपरचार्जरचा हुंकार: सहाशेपासून वर.

टर्बो परत वर्तमानपत्रात गुंडाळला.
"का गं?" त्याने विचारलं.
"वळणावर उशीर नको," मी म्हणाले.
तेही खरंच होतं.

पट्टा तीनदा सुटला. ब्रॅकेट दोनदा वेल्ड केलं.
मार्च उजाडला. वेनयानच्या गोठलेल्या तळ्यावर
नांगरून काढलेला रस्ता होता, मैलभर सरळ.
मामा शेजारी, टोपी काढून, कान उघडे.

दुसरा गिअर. तो उठला, हुंकार,
खालून वर चढत जाणारा, धातूचा, जुना.
मामाचा हात डॅशबोर्डवर सपाट.
तोंड थोडं उघडं, जसं
बर्फाखालच्या माशाचा गळ ओढला जाताना होतं.
तिसरा. आवाज आणखी वर, आणखी बारीक,
काच थरथरत होती,
दूरवरचा काठ धावत जवळ येत होता

आणि त्याने माझ्याकडे वळून पाहिलं.
"पाय का काढलास?"

माझा पाय जमिनीला टेकलेला होता.