साखर बंद

फैजपूरला मे महिन्यात डांबर चपलेला धरतं,
आणि मला एका खोलीत अठ्ठावीस अंश राखायचे असतात
बुरशीसाठी.
आई फोनवर म्हणते, लोकं बुरशी पुसता,
तू पोसू ऱ्हायली?
हो, पोसू ऱ्हायली.

पहिले आठ महिने ग्लुकोज दिलं.
ती अशी वाढली की काचेला पांढरी गादी चिकटली,
कडेने हिरवी झालर.
रुबाबकाका तडवी फ्लास्क उजेडात धरून म्हणाले,
"मॅडम, बाळसं धरलंय."
मी पाणी गाळलं, त्यात कागदाची पट्टी तासभर ठेवली,
अभिकर्मक घातला, उकळलं.
पिवळं ते पिवळंच.
नळी माझ्याकडे कावीळ झाल्यासारखी बघत राहिली.

सामू पाच केला. साडेचार केला.
शेकर दीडशेवर, मग एकशे ऐंशीवर.
बीजाणू अतिनील दिव्याखाली ठेवले:
हजारात चाळीस वाचले,
त्यांतला सतरा नंबर जरा तिखट निघाला.
जराच.

मग ग्लुकोजचं बिल कुठल्याशा टेबलावर अडकलं.

रावेर रस्त्याला केळी कापून झाली की
बांधाच्या कडेला खांब पडलेले असतात.
घड दिल्लीला गेलेले,
खांब कुणाचेच नाहीत.
काकांनी सायकलला बांधून दोन आणले,
चिरून गच्चीवर वाळवले, दळायला नेले.
गिरणीवाला झोपे म्हणाला,
हे ज्वारीच्या आधी नको अन् नंतरही नको.
शेवटी रात्री, गिरणी बंद झाल्यावर, दळून दिलं
आणि पैसे घेतले नाहीत, पीठ बघून घाबरला असावा.

सतरा नंबरला तेच दिलं.
खांबाचा भुगा, चिमूटभर क्षार. साखर बंद.

तीन दिवस ती दिसेचना.
भुग्याला हात लावून बसलेली असावी,
माहेरचं कुणी नसलेल्या घरात बसतात तशी.
आधी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं:
गोड समोर असलं की ती कात्र्या घडवतच नाही.
कशाला घडवील?
कठीण काही टोकाला लागलं तरच
पोटातलं बाहेर सोडते,
आधी पचवते, मग गिळते.

चौथ्या दिवशी अकरा ते चार लाइट नव्हती.
काकांनी फ्लास्क रांजणाखालच्या ओल्या वाळूत रोवले,
वर ओलं गोणपाट,
आणि दर पंधरा मिनिटांनी एकेक उचलून हलवत बसले.
तापमापक एकतीस दाखवत होता.
मी फेऱ्यांचा हिशेब सोडला.
कापसाचे बोळे तेवढे घट्ट आहेत का बघत होते.
बोळे आमच्याच शेतातल्या कापसाचे, आईने पिंजून दिलेले.

सहाव्या दिवशी गाळलं, उकळलं.
पिवळं गेलं. नारिंगी झालं.
मग भाजलेली वीट.
दहापट पातळ करून पुन्हा मोजलं. तरी वीट.

"किती?" काकांनी विचारलं.
"साडेचार पट."
"कशाच्या?"
"बाळशाच्या."
ते हसले नाहीत. फ्लास्क धुवायला घेतले.

गाळ ऑटोक्लेव्हमध्ये गेला, एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं.
ती बिचारी आता लागत नव्हती, तिने सोडलेलं पाणी लागत होतं.
फक्त सतरा नंबरची एक नळी
फ्रिजमध्ये, काकांच्या ताकाच्या बाटलीमागे ठेवली आहे.
तिला चिठ्ठी लावली:
हिला गोड देऊ नये.