रुमालाखाली

सौदे संपतात, घमेली उपडी पडतात,
हमाल नळावर पाय धुतात तेव्हा
पाण्याला मिनिटभर हळदीचा रंग चढतो.
मग शटरं. एकेक. मग कुलूप ओढून बघणं,
दोनदा.

गुरुवारी साडेसहाला
मगदूमांच्या कोल्ड स्टोअरेजबाहेर खुर्च्या पडतात.
मंडळ नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही.
भडंगाचा पुडा वर्तमानपत्रावर फोडायचा.
कांदा दस्तगीर चिरतो,
कारण वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याचा हात
सारखे तुकडे पाडतो, असं सगळ्यांचं मत.

मी गेले तेव्हा चौदा खुर्च्यांत एकही बाई नव्हती.
पर्समध्ये कार्डं होती, नवी, कडक:
पद्मजा उपाध्ये, बेदाण्याचे बॉक्स, कुपवाड.
पुतण्या म्हणालेला, काकी, आधी कार्ड द्यायचं, मग हसायचं.
मी आधी हसले.
पहिल्या कार्डावर कुणीतरी
चटणी वाढून घेतली.

इथे धंद्याचं थेट कुणी बोलत नाही.
विचारतात, आयर्विनला पाणी किती फुटांवर?
त्यातून कळतं कोण माल वर हलवतोय,
कुणाला गोडाऊन भाड्यानं हवंय.
विचारतात, पोरीचं कुठं जमलं?
त्यातून कळतं कुणाकडे दिवाळीपर्यंत
उधारी मागायची नाही.
चहा दोनदा येतो. तिसऱ्यांदा आला
तर समजायचं, कुणाचा तरी चेक वटलेला नाही.

समोर कल्लाप्पा बिरनाळे. त्याचेही बॉक्सच.
माझं तासगावचं गिऱ्हाईक मार्चमध्ये
नगामागे साठ पैशांनी त्याने नेलं.
चार महिने ते नाव मी दात आवळून घेतलं,
आणि माणूस बघते तर बुटका, कानाने अधू,
भडंगातले शेंगदाणे वेचून बाजूला ठेवणारा.
म्हणाला, वैनी, खळीची पावडर संपलीया.
गाडी बेळगावात अडकली. दोन दिस मशीन उभं हाय.

दस्तगीरची सुरी थांबली.
साठ पैसे सगळ्यांनाच ठाऊक होते.

मी म्हटलं, चार पोती आहेत माझ्याकडे.
"दर?"

मगदूम अण्णांनी खिशातून रुमाल काढला,
कितीही धुतला तरी पिवळटच राहिलेला,
आणि हसत बिरनाळेच्या हातावर टाकला.
पूर्वी असेच सौदे व्हायचे, कापडाखाली
बोटं दाबून, तोंडानं हवापाण्याचं बोलत.
माझे सासरे अडतीवर पंचवीस वर्षं होते.
घरी येऊन हात धुवायचे,
तो हात कुणाशी काय बोलून आला
सासूबाईंना कधी कळलं नाही.
बाईचा हात त्या कापडाखाली गेल्याचं
मी तरी ऐकलेलं नाही.

"चेष्टा ओ," म्हणत अण्णा रुमाल उचलायला वाकले.

मी हात घातला.
आत ऊब होती, शेंगदाण्याचं मीठ होतं.
त्याची तर्जनी मधल्या पेरापाशीच संपत होती.
मशीननंच नेली असणार,
माझी करंगळी नेली तशी.
मी बोटं धरली. तो थांबला,
उलटून एक कमी धरलं. मी सोडलं नाही.
बाहेर मी म्हणत होते,
यंदा ऊस बरा दिसतोय नदीकडेचा.

पोती शुक्रवारी सकाळी गेली.
आकडा पुतण्याने विचारला, ह्यांनी विचारला,
दोनदा.
मी हात धुतला
आणि जेवायला बसले.