शेऱ्याचा रकाना

एकतीस वर्षं मी विश्वामित्रीची उंची लिहिली.
काळ्या घोड्याच्या पुलाखाली पट्टी,
पट्टीवर फुटांचे आकडे.
दर तासाला टॉर्च मारायचा, वाचायचं, फोन लावायचा:
एकवीस. साडेएकवीस. बावीसला एक बोट कमी.
सव्वीसला भोंगा.
मगर कधी मोजली नाही. मगरीचा रकानाच नव्हता.

आता त्याच रजिस्टरात, उरलेल्या पानांवर,
कुमुदिनीचं रक्त लिहितो.

दांडिया बाजारच्या लॅबमधला हार्दिक
सकाळी साडेसातला येतो, रबर बांधतो,
म्हणतो, "मासी, मुठ्ठी वाळो."
मूठ वळत नाही.
नऊच्या आत तर नाहीच.
तो चुकल्यासारखा हसतो आणि शीर शोधायला लागतो.

सीआरपी अठ्ठेचाळीस.

डॉक्टर भरूचांनी पाकिटाच्या मागे काढून दाखवलं:
सांध्याच्या अस्तरात पेशींचा कालवा चालतो,
तिथून इंटरल्युकिन-सहा निघतं
रक्तातून यकृतापर्यंत, निरोप घेऊन.
यकृताला सांधा दिसत नाही,
ते नुसतं प्रथिन सोडत राहतं.
"म्हणजे आजव्याहून फोन," मी म्हटलं.
"वर दरवाजे उघडले की आम्हाला खाली कळायचं."
बाई हसल्या. "साधारण तसंच.
पण पाऊस कुठे पडला ते तुमची पट्टी सांगायची का?
साध्या तापातही हा आकडा चढतो."

ईएसआर मला लगेच समजलं.
उभ्या नळीत तासभर रक्त ठेवायचं,
तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं.
हिचा गाळ घाईघाईने बसतो. बासष्ट.

आणि ते अँटी-सीसीपी.
दुखणं येण्याआधी कित्येक वर्षं
म्हणे रक्तात असू शकतं.
त्या रात्री मी मागे मागे मोजत गेलो:
लूनावरून रावपुऱ्यातल्या शाळेत जायची, तेव्हा?
सूरसागरच्या कठड्यावर बसून
भेळेच्या कागदाचा कोन वळायची, तेव्हा?
पाणी शांत होतं.
नाकपुड्या तेवढ्या वर असतील कुठे,
आपण काठावर होतो, बघितलं नाही.

दर गुरुवारी मेथोट्रेक्सेट. शुक्रवारी फोलिक.
तेहतीस. एकोणीस. मध्येच पुन्हा सव्वीस,
त्या रात्री मला खरोखर भोंगा ऐकू आला.
मग अकरा.
चैत्रात चार.

चार मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून.
धावत आत गेलो दाखवायला.
ती गोळ्यांच्या डबीचं झाकण
दाराच्या फटीत अडकवून फिरवत होती.
आकड्याकडे बघितलंन, म्हणाली,
"पाणी उतरलं की तुम्ही लोक घरी यायचात.
चिखल कोण काढायचं?"

एक्स-रेत उजव्या अनामिकेच्या मुळाशी
हाड कुरतडलेलं आहे, ज्वारीच्या दाण्याएवढं.
ते कुठल्याच आकड्यात येत नाही.
भरूनही येत नाही, असं बाई म्हणाल्या,
आणि पुढचा पेशंट बोलावला.

रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
एकतीस वर्षं मी तिथे "सामान्य" लिहिलं,
क्वचित "वीज गेली."
आज पेन तिच्याकडे दिलं.
दोन बोटांत धरलंन, सुटलं.
मग बालवाडीतल्यासारखं मुठीत धरून
तारखेसमोर लिहिलंन, तिरकं, रकान्याबाहेर जाणारं:
मूठ पावणेआठला वळली.
आणि खाली, अजून तिरकं:
झाकण तुम्ही उघडा.