नऊ एकेचाळीस सोळा

अट लिहायची राहिली.
एवढंच झालं.
एका बोटीच्या हॅडॉकचा भाव दुरुस्त करायचा होता,
‘कुठल्या बोटीचा’ हे न सांगताच
मी कळ दाबली,
आणि टोफ्टिरच्या लिलावघरात
कॉड, हॅलिबट, आज विकलेले, परवाचे, दहा वर्षांपूर्वी खाऊन संपलेले,
सगळे मासे बारा क्रोनर किलो.
सब घोडे बारा टक्के म्हणतात,
ते इतकं शब्दशः मी कधी पाहिलं नव्हतं.

ध्यानात आलं तेव्हा दहा तेवीस झाले होते.
बाहेर वारा रिकाम्या खोक्यांशी भांडत होता.
रान्वा आली, कॉफीचा मग माझ्याच वहीवर ठेवला,
ओरडली नाही.
ओरडली असती तर बरं झालं असतं.
कितीला? तिने विचारलं.
बाराला, मी म्हणालो.
भाव नाही रे. कळ कितीला दाबलीस?

नऊ एकेचाळीस सतरा.

मग रात्री दोनची प्रत काढली.
गाढ झोपेतून उठलेल्या माणसाला
मधे काय काय झालं ते सांगावं
तसं रोजनाम्यातून तिला सांगत गेलो, ओळीमागून ओळ:
‘स्वानुर’ धक्क्याला लागली. बर्फ तीन टन.
कॉड चाळीस खोकी. एक परत. तेच पुन्हा घेतलं.
कुणी चुकलेलं, कुणी खोडलेलं,
तेही पुन्हा चुकून, पुन्हा खोडून.
रोजनामा काही गाळत नाही.
कुठे थांबायचं, ते मात्र आपण सांगायचं.

पहिल्या खेपेला थांबला,
भाव उघडले: बारा, बारा, बारा.
यंत्र ग्रिनिचच्या घड्याळावर चालतं,
मी भिंतीवरच्या.
उन्हाळ्यात दोघांत एका तासाचं अंतर,
त्या तासात माझी चूक ऐसपैस बसून आली होती.

रान्वाने डोळे मिटले. उघडले.
पुन्हा दोनची प्रत, पुन्हा ‘स्वानुर’, पुन्हा बर्फ.
आठ एकेचाळीस सतरा, ती म्हणाली,
आता सांग, त्या क्षणासकट
की त्या क्षणाच्या अलीकडे?
इतकं नेमकं मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही.
अलीकडे, मी म्हणालो.
सोळाच लिही.

दुपारी एकला भाव आपापल्या जागी आले.
यंत्राने कळवलं, इथून कालरेषा दुसरी.
पहिलीची पुढची पानं त्याने फाडली नाहीत,
नुसती बाजूला ठेवली.
त्यातून बेचाळीस मिनिटं उपसायला दोन दिवस,
माणसांना विचारायला एक दुपार,
रान्वाने हिशेब केला आणि फोन उचलला.

सतरा सौदे होते.
मासे तर कधीच ट्रकमध्ये चढून गेलेले,
एक खोकं शाळेच्या स्वयंपाकघरात तळून झालेलं,
ते थोडंच नऊ एकेचाळीसला परत येणार?
लोक आले. कुणाकडे चिठ्ठी, कुणाकडे फक्त खात्री.
हानुसकडे हातमोजा,
त्यावर पेनने चौसष्ट, खाली रेघ.
हॅलिबट, सात खोकी.
मी आकडा घातला.
तो हलला नाही.
टोपी काढली, परत घातली.

त्या बेचाळीस मिनिटांत, म्हणाला,
जावयाला मी काहीबाही बोललो.
धक्क्यावर. चारचौघांत.
तेही गेलं का?

रान्वा पडद्याकडेच बघत राहिली.
ते ह्यात नव्हतंच, हानुस.

हं, तो म्हणाला. आपलं विचारलं.

खिडकीतून दिसत होतं,
खाली एक तरुण पाइपने खोकी धुतोय, पाठ आमच्याकडे.
हानुस अर्ध्या वाटेपर्यंत गेला, थांबला,
माघारी वळला.
गाडीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं,
वाऱ्यावर वाळवलेलं मटण असावं,
आणि पुन्हा निघाला.

पुढचं खोकं, रान्वा म्हणाली.
मी आधी अट लिहिली.
मग बाकीचं.