डाव्या कानात

बाबाचा उजवा कान सुरुंगात गेला,
टेकामांच्या जुन्या विहिरीत, तीस फुटांवर.
म्हणून त्या बाई जे जे बोलल्या
ते मला त्याच्या डाव्या कानात ओरडावं लागलं.

रस्त्यासाठी टेकडी कापली तेव्हा खांब निघाले.
पाच कोनी, सहा कोनी, एकाला एक खेटून,
कडब्याच्या पेंढ्या उभ्या रचाव्यात तसे.
जेसीबीवाल्या शफीकनं मशीन बंद केलं
आणि चप्पल काढली.
दुपारपर्यंत पोचूबाईनं पहिल्या खांबाला शेंदूर लावला.
संध्याकाळी देऊळ कोणत्या राजाचं, यावरून
पानठेल्यावर दोन पार्ट्या.

मग नागपूरहून जीप आली.
बाई हातोडी घेऊन उतरल्या, दगडाचा कपचा उडवला,
जिभेनं ओला करून भिंगातून पाहिला.
देऊळ नाही, म्हणाल्या. लाव्हा आहे.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.
निवताना आकसला, तडकला, त्याचे हे खांब.

सरपंचानं विचारलं, 'याच्यावर फंड भेटते का?'
गोवर्धन मास्तरांनी फळ्यावर पहाड काढला, टोकाला धूर,
तर पोरं म्हणाली, सर, आपल्या इथं एवढा पहाड कुठी हाय?
मोठी पोरं मोबाइलवर
कुठल्याशा बेटाचं फुटणं पाहत बसली,
आवाज फुल्ल करून, पुन्हा पुन्हा.
लच्चूकाकूनं विचारलं, 'अजून निघन का?'
नाही, बाई म्हणाल्या. आता नाही.
तरी त्या रात्री काकू अंगणात निजली
आणि शेळ्यांचे दावे सोडून ठेवले.
पोचूबाईनं शेंदूर पुसला नाही.
'आगीचाच देव होय ना मंग.
माह्यं काय चुकलं?'

बाबानं धंद्यातलंच विचारलं.
'बार केवढा झाला असन?'

बार नाही, बाई म्हणाल्या.
इथे जमिनीला भेगा पडल्या आणि ते नुसतं वाहत आलं,
थरावर थर, गावंच्या गावं मावतील एवढं,
फारसा आवाज न करता.

'बाबा, आवाज नाही झाला!'
'काय?'
'आवाज! नाही! झाला!'
कडुनिंबावरचे बगळे उडाले.

तो गप्प झाला.
चाळीस वर्षं हेच तर तो उतरत आला होता,
काळी माती, मुरूम, मांजऱ्या, मग घट्ट काळा दगड,
मग हातभर गेरू, लाल, मऊ,
पहारीला सुट्टी देणारा,
आणि खाली पुन्हा काळा.
विहिरीत गेरू लागला की
त्याच्यावर बसून तो भाकर खायचा.
बाई म्हणाल्या, गेरू म्हणजे दोन लोंढ्यांमधली जमीन.
तिनं ऊन खाल्लं, पाऊस खाल्ला, हजारो वर्षं.
मग तिच्यावर पुढचा लोंढा आला.
त्यांनी पिशवीतून चपटा दगड काढला.
दगडात गोगलगाय. कानातल्या कुडीएवढी.
तळं होतं इथे, म्हणाल्या.

बाबानं ती डाव्या कानाला लावली.
काऊन, ते मी विचारलं नाही.

बार भरला की तो तीनदा ओरडतो,
'बार होऽऽ, सरका होऽऽ',
मगच वातीला बिडी लावतो.
बकरी दिसली तरी थांबतो.

'हिले कोणी सांगतलं असन, सरक म्हणून?'
बाबा, तेव्हा माणूसच नव्हता.
'माणसाचं नाही इचारत मी.'

जीप गेली. खांबांना तारेचं कुंपण लागलं,
फलक लागला, फलकावर पानाच्या पिचकाऱ्या.

सोमवारी वाढईच्या विहिरीवर
बाबानं सहा भोकं भरली,
वर आला, तीनदा ओरडला.
बाया सरकल्या, कुत्रं सरकलं.
मग काठावर गुडघे टेकून
तो आत वाकला
आणि एकदा खाली ओरडला.

पाणी बेचाळीस फुटांवर लागलं.
गेरूच्या जरासं वर.