एका आठवणीचे किती युनिट

घणसोलीत मी वीजमीटर वाचतो, बावीस वर्षं झाली.
घरी प्रांजल वाचते 'घुमटनगर',
एकूण भाग पाच, पैकी चारच आलेत,
आणि तिच्या मागून, एक भाग मागे राहून, मी.
अटी तिच्या:
पुढचं विचारायचं नाही, पान दुमडायचं नाही,
बोंबलाच्या हातानं तर पुस्तक धरायचंच नाही.

गोष्ट अशी, की काचेखाली एक शहर आहे.
सोळा पूर्ण झाली की ज्यानं त्यानं
एक आठवण द्यायची.
तिच्यावर तिथले दिवे चालतात.
कुठली दिली, ते देणाऱ्याला कळत नाही,
कारण तीच तर गेलेली असते.

हे मी वाचलं सेक्टर सातच्या एका जिन्यात,
मीटरपेटीचं झाकण उघडं टाकून.
एक बाई पिशव्या घेऊन वर चाललेल्या,
म्हणाल्या, आमचं बिल फार येतंय हो.
मी म्हटलं, येणारच.
त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

रात्री कॅलेंडरच्या मागं हिशेब मांडला.
वस्ती नऊ लाख, माणशी एक आठवण,
रस्ते, लिफ्ट, पाण्याचे पंप.
नाय जमत. इतका भार पेलणारच नाही.
"लिहिणाऱ्याला विजेतलं काही कळत नाही," मी म्हणालो.
प्रांजलनं पुस्तकातून डोकं काढलं नाही.
"आठवण कुठली त्यावर असतं, पप्पा.
एकीवर बल्ब लागत नाही
आणि एकीवर अख्खा सेक्टर."

आता झोप कुठली.
दुसऱ्या भागात त्या वेधाच्या घरी
एक खुर्ची आहे. कुणाची, तिला माहीत नाही.
पण तिच्यावर ती कुणाला बसू देत नाही.
मी उठलो, पाणी प्यालो.
बाचं मला सगळं आठवतं:
मिठागरावरून आल्यावर टाचांच्या भेगांतलं पांढरं,
अर्धी विडी विझवून कानामागं खोचणं,
जिताडं मिळालं की मुद्दाम लांबच्या आळीनं घरी येणं.
आवाज आठवत नाही.
मला हाक कशी मारायचा?
कान देऊन पडून राहिलो.
बाहेर खांबावरचा दिवा बारीक गुणगुणत होता.

तिसऱ्या भागात काय होतं ते सांगत नाही.
तुम्हीही वाचाल कदाचित.
एवढंच, की दोनशे अकराव्या पानावर
मी मोठ्यानं "आयला" म्हणालो
आणि आतल्या खोलीतून प्रांजल ओरडली,
"पोचलात ना? पोचलात ना तिथं?"
हर्षदा म्हणाली, कालवण निवतंय,
तुमचं ताट काचेखाली पाठवू का?

चौथा संपला शनिवारी, पहाटे तीनला.
आता आम्ही दोघं एकाच पानावर,
म्हणजे पान नसलेल्या जागेवर.
पाचवा दिवाळीनंतर.
त्याआधी, कार्तिकात, तिला सोळावं लागून संपेल,
हे मी मोजलं होतं. तिनंही मोजलं असणार.

काल गच्चीवर, टाकीला टेकून, तिनं विचारलंच:
"तुम्ही कुठली द्याल?"
खाडीपलीकडे भांडुपचे दिवे.
मी म्हटलं, दहावीचा निकाल.
"त्यावर झिरोचा दिवासुद्धा लागायचा नाही."
हसली. मग मी विचारलं, तू?

"मी देणारच नाही. अंधारात राहीन."
थोडं थांबून,
"पण मग जिन्यात म्हातारी माणसं पडतील."
आणखी थांबून,
"आणि दिली, तर ती माझी होती
हे तुम्ही मला सांगाल ना?"

मला सांगता येईना की वेधालाही कुणी सांगितलं होतं,
पण तिला ते दुसऱ्या कुणाचं वाटलं.
प्रांजलला ते माहीत होतं. चौथ्यातलंच तर आहे.
तरी तिनं विचारलं.

"जाऊ दे, पाचवा येईपर्यंत असंच राहू दे,"
म्हणत ती खाली गेली.
एरवी जाता जाता बटण दाबते, सवयच तिची.
काल जिन्यातला दिवा तिनं चालूच ठेवला.
साठचा बल्ब आहे, जुना.
कधीचा बदलायचाय.